खुंटीवरची चिंधी

तेलगावच्या कापसाच्या जिनात लेकरं सांभाळायची रीत साखराबाईनं घालून दिली होती. ती गेल्यावरही ती रीत मोडायचं कुणाच्या मनात आलं नाही.

जिनाच्या मागं एक छप्पर होतं. त्याच्या कुडाच्या भिंतीला ओळीनं बाभळीच्या खुंट्या ठोकलेल्या, प्रत्येक खुंटी एका लेकराची. सकाळी भोंगा व्हायच्या आधी बाया यायच्या, लेकरू खाली ठेवायच्या, आपल्या लुगड्याची फाडून ठेवलेली चिंधी त्याच्या खुंटीला बांधायच्या आणि रुईच्या धुरळ्यात कामाला जायच्या. संध्याकाळी आधी चिंधी सोडायची, मग लेकरू उचलायचं. दुसरं कुणी लेकरू मागायला आलं तर साखराबाई खुंटीकडं बोट दाखवायची. "ही ज्याची त्यानं सोडावी," म्हणायची. रडणाऱ्या लेकराला ती एवढंच सांगे, "चिंधी हाय तवर आई येनार." लेकरू खुंटीकडं बघत बघत गप व्हायचं. ज्याला अजून धड बोलता येत नव्हतं तेसुद्धा आपल्या आईची चिंधी दहा चिंध्यांतून ओळखायचं.

मानमोडीच्या तापाच्या साथीनं त्या साली गावंच्या गावं झोडपली. दिवाळीच्या आधी साखराबाईला नेलं. जिन सुरू झालं तेव्हा छपरात तिची लेक बायना उभी राहिली. सासर सुटल्यापासून ती आईच्याच हाताखाली राबत होती, त्यामुळं काम नवं नव्हतं. नवं होतं ते दाराजवळचं रिकामं बारदान. साखराबाई त्यावर पाय पसरून बसायची. बायना त्याच्या शेजारी जमिनीवर बसू लागली. लेकरांनी विचारलं, "साखराआजी कुठं हाय?" बायना म्हणाली, "गावाला गेली." मोठ्यांनी विचारपूस केली की म्हणायची, "म्हातारी गेली." याच्या पलीकडचा शब्द तिच्या जिभेवर आला नव्हता, आणि तिनं तो येऊ दिला नव्हता.

मग छबुबाईची पाळी आली.

छबुबाई जिनावर कापूस घालायची. तिचा नवरा आश्रुबा तिथंच रुईच्या गठाणी बांधायच्या कामावर. त्यांची पोर तुळजा पाच वर्षांची, छपरातली सगळ्यात मोठी. एका दुपारी छबुबाईच्या अंगात ताप भरला. दोघी बायांनी तिला उचलून गाडीत घातली. गडबडीत खुंटीवरची चिंधी तशीच राहिली. तुळजाला शेजाऱ्यांच्या घरी ठेवली, साथीचा आजार म्हणून आईजवळ जाऊ दिली नाही. पोर शेजारी खेळत होती तेव्हाच इकडं सगळं आटोपलं.

पुढच्या आठवड्यात आश्रुबाची आई सुभद्राबाई नातीला घेऊन छपरात आली. पोरीला आत पाठवून तिनं बायनाला कुडाआड ओढलं.

"धारूरला आजोळी गेली म्हनून सांगितलंय. तू बी तेच म्हन."

"काकू, किती दिस म्हनायचं?"

"इसरंपर्यंत. लेकराचं काळीज केवढं आसतंय? तुला काय जातंय बोलायला?"

बायनाच्या जिवावरचं ओझं खरं तर उतरलंच. तिला आठवलं, मागं एका पोराची आई बाळंतपणात गेली होती. साखराबाईनं त्याच दिवशी चिंधी सोडून पोराच्या मुठीत दिली होती आणि त्याला मांडीवर घेऊन, काही न झाकता, सरळ सांगितलं होतं. बायनाला तेव्हा आईचा राग आला होता. "आई, लेकरू हाय ते," ती म्हणाली होती. साखराबाई म्हणाली होती, "म्हनूनच. मोठ्या मानसाला खोटं वळखाय येतं. लेकरू त्येच्यावर घर बांधतं."

आत येऊन बायनानं छबुबाईची चिंधी सोडायला हात वर केला. मळखाऊ हिरव्या लुगड्याची, लाल काठाची चिंधी. खाली तुळजा तिच्या हाताकडं टक लावून बघत होती. बायनाचा हात तसाच खाली आला.

तिथून पुढं रोजचं एकच सुरू झालं.

"मावशे, आई कवा येनार?"

"चिंधी हाय न्हवं खुंटीवर?"

"हाय."

"मग येनार की."

तुळजा खेळायची, धाकट्यांना झोके द्यायची, भाकरी खायची. भोंगा झाला की मात्र खुंटीखाली पाठ टेकून बसायची. एकेक आई यायची, एकेक चिंधी सुटायची. शेवटी कुडावर एकच राहायची. मग सुभद्राबाई येऊन चिंधी न सोडताच तिला घेऊन जायची. जाताना पोर मान वळवून बघायची. हे रीतीला धरून नव्हतं, आणि ते त्या पोरीला कळत होतं. बायना नजर दुसरीकडं वळवायची.

एक दिवस शेजारच्या खुंटीचा बद्री तिला म्हणाला, "तुझ्या चिंधीवर धूळ बसली. तुझी आई येत न्हाई."

"तिला चिंधी सापडंना," तुळजा म्हणाली. "हितंच इसरली ना ती."

बायनानं ते ऐकलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच दुपारी भाकरी झाल्यावर तिनं लेकरं आडवी केली. एका तान्ह्याला पोटदुखी होती. त्याला खांद्यावर घेऊन ती छपराच्या मागं चकरा मारत राहिली. परत येऊन बघते तर झोपलेल्यांच्या ओळीत तुळजाची जागा मोकळी.

आधी तिला वाटलं, लघवीला गेली असंल. मग हाक मारली. मग विहिरीवर गेली. विहिरीला कठडा नव्हता, म्हणून ती आडवी पडून आत बघत राहिली. पाणी स्थिर होतं, वर रुईचा पातळ थर जसाच्या तसा. म्हणजे पाणी फुटलं नव्हतं. ती उठली. समोर कापसाची वखार होती.

वखारीत कपाशीचा ढीग आढ्याला लागलेला. लेकरांना त्यावर चढून घसरायचा लई सोस. साखराबाई त्यांना तिथं फिरकू देत नसे. ढीग खालून उपसला जायचा, वरचा कापूस एकदम खाली बसायचा, आणि आत सापडलेल्याचा आवाज बाहेर यायचा नाही. पाट्या भरून कापूस आत जिनाच्या तोंडाशी जायचा.

बायना पळत मुकादमाकडं गेली. आप्पाराव मुकादम इंजनाच्या दाराशी उभा होता.

"मुकादम, इंजन थांबवा. तुळजा सापडंना. ढिगात गेली आसंल."

"बघितलंस का तू ढिगात जाताना?"

"न्हाई."

"मग? उगं संशयावर इंजन थांबवू? पुन्हा पेटवाय दिस जातो. शेठला तू सांगशील?"

"मी सांगते. माझं नाव सांगा. थांबवा आधी."

आप्पारावानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. त्याच्या स्वतःच्या घरातली दोन माणसं त्या साथीत गेली होती. तो आत गेला. पट्टा फडफडत मंद झाला आणि थांबला. जिनाचा आवाज थांबला तेव्हा माणसांना ऐकू यायला लागलं. बाया उठल्या, कुणाचं लेकरू म्हणून विचारत वखारीकडं धावल्या आणि हातांनी कापूस उपसू लागल्या. आश्रुबा आला. तो ढिगात छातीएवढा शिरला आणि दोन्ही हातांनी ओढायला लागला. त्याच्या केसांत, भुवयांत, तोंडात कापूस. मधेच कुणी "गप, गप" म्हणायचं, सगळे हात थांबायचे, कान द्यायचे. काही नाही. पुन्हा उपसायचं.

बायनाला वाटलं, एकदा छपरात बघून यावं, पोर परत आली असंल. ती आली. सुभद्राबाईला कुणीतरी बोलावून आणलं होतं, ती दारात लेकरांना धरून बसली होती. पोर नव्हती. बायनाची नजर सवयीनं कुडावरून गेली. चिंध्या ओळीनं होत्या. तुळजाची खुंटी रिकामी होती.

ती तिथंच उभी राहिली. त्या खुंटीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. खाली पालथी घातलेली पाटी होती. त्यावर चढल्याशिवाय पाच वर्षांच्या पोरीचा हात तिथं पोचला नसता.

ती वखारीत परत आली. "थांबा," ती म्हणाली. "ती ढिगात न्हाई."

"आता सांगतेस?" आप्पाराव म्हणाला.

"चिंधी घेऊन गेली ती. धारूरला गेली. आईकडं."

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. एकीला कळेना. "छबू तर…" ती म्हणाली आणि थांबली.

"आजोळी गेली म्हनून सांगितलं होतं तिला," बायना म्हणाली. "मीच सांगत होते. रोज."

आश्रुबा ढिगातून बाहेर आला. तो तिच्यासमोरून गेला, पण तिच्याकडं न बघता. फाटकावर पहारा करणाऱ्या चाऊसाला त्यानं विचारलं.

"शहादेव की गाडी गयी धारूरकू," चाऊस म्हणाला. "खाली बोरे थे पीछे. बच्ची मैं नै देखा, अल्ला कसम. बोऱ्यांमें कौन देखता?"

आप्पारावानं मालकाचा छकडा जुंपून दिला. शेठला काय सांगायचं ते नंतर बघू, म्हणाला. आश्रुबा पुढं बसला, बायना मागं. सुभद्राबाई फाटकापर्यंत आली होती. पदराचं टोक तिनं दातात धरलं होतं.

रस्ता उघडा होता. ज्वारी त्या साली गुडघ्याच्या वर गेली नव्हती, लांबवर सगळं दिसायचं, आणि कुठं काही दिसत नव्हतं. आश्रुबा बैलांना मारत नव्हता, पण कासरा असा धरून होता की बैलांना ते कळत होतं. मग तो समोर बघतच म्हणाला, "आक्का, मीच आईला म्हनलो व्हतो. सांगू नको म्हनून. मला तिच्यासमोर बोलाय जमलं नसतं."

"मला बी जमलं न्हाई."

"तुमचं तर कामच हाय ते."

तो टोचून बोलला नव्हता, म्हणूनच ते बायनाला जास्त लागलं.

डोंगराच्या पायथ्याला शहादेव गाडीवानाची गाडी भेटली. त्यानं बैल सोडले होते, चढाआधी वैरण टाकली होती. आश्रुबानं उतरून गोणपाटाचे रिकामे बोरे उपसले. आत कापसाची फुटकी बोंडं, भाकरीचा एक कोरडा तुकडा.

"हिरवा परकर नेसल्याली पोरगी का?" शहादेव म्हणाला. "माझ्या गाडीत कवा बसली मला ठावं न्हाई. हितं बैल सोडले तवा बोऱ्यातून निघाली. मी म्हनलो, कुठं चाललीस गं? तर म्हनती, आईची चिंधी द्यायचीय. आन निघाली वर. मला वाटलं, मानसं आसतील पुढं."

"एकटी पोर घाटात सोडलीस बे?" आश्रुबा म्हणाला.

"आरं, मला काय म्हाईत…" शहादेव उठून उभा राहिला. "चल, मी बी येतो. कुऱ्हाड घेतो. दिस बुडाय लागला. ह्या वक्ताला लांडगं उतरत्यात पान्याला."

छकडा तिथंच ठेवून तिघं घाट चढू लागली. वाट वळणावळणाची, दोन्ही बाजूंना बोरी-बाभळीची झुडपं. आश्रुबा हाका मारत होता. डोंगर त्याची हाक तशीच परत देत होता. त्यामुळं मध्येमध्ये पोरच ओ देते असं वाटायचं, आणि तिघं थांबायची. एका ठिकाणी शहादेव खाली वाकला. धुळीत पोरीच्या अनवाणी पायांचे ठसे होते. थोडं पुढं त्यांच्या बाजूनं दुसरे ठसे चालत गेलेले दिसले, कुत्र्यासारखे, पण मोठे. शहादेवनं कुऱ्हाड या हातातून त्या हातात घेतली. आश्रुबानंही ते पाहिलं होतं. तो पळायला लागला.

दुसऱ्या वळणावर बायनाला लाल काठ दिसला.

वाटेकडेच्या बाभळीच्या फांदीला, पोरीचा हात पोचेल इतक्या उंचीवर, चिंधी बांधली होती. तिच्या खाली, खोडाला पाठ टेकून, तुळजा बसली होती. छपरात भोंग्यानंतर बसायची तशीच. मांडीत दगड गोळा करून ठेवलेले. पलीकडच्या उतारावर करडं काहीतरी हललं, शहादेवनं ओरडून दगड फेकला, आणि ते झुडपात गेलं.

आश्रुबा तिच्यापाशी पोचला, पण तिला उचलायला वाकला आणि तसाच गुडघ्यांवर बसला. त्याला धाप लागली होती.

"बा, ते कुत्रं लई वेळ बसलं व्हतं," तुळजा म्हणाली. "मी दगड दावले." मग बायनाकडं बघून म्हणाली, "वाट संपंना. म्हनून चिंधी हितं बांधली. आई अजून आली न्हाई."

बायनानं आश्रुबाकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. शहादेव पाठ फिरवून उताराकडं उभा राहिला. अंधारून येत होतं, निघायला हवं होतं. पोरीला उचलून 'आई उद्या येनार' म्हटलं असतं तर ती आलीही असती. उद्या पुन्हा खुंटीखाली बसली असती. आणि परवा कुठलीतरी दुसरी गाडी मिळाली असती तिला.

बायना तिच्यासमोर जमिनीवर बसली. साखराबाई असती तर मांडीवर घेतलं असतं. बायनाला तेवढा अधिकार आपल्याला आहे असं वाटलं नाही.

"तुळजे, तुझी आई धारूरला न्हाई."

"मग कुठं हाय?"

"मेली."

शब्द तोंडातून गेला. पोर बघत राहिली.

"आन कवा येनार?"

"येनार न्हाई. मेलेलं मानूस येत न्हाई. चिंधी बांधली तरी न्हाई. तिला ताप आला, लई आला, आन त्यात ती मेली. तुझ्यावर रुसून गेली न्हाई. तिला यायचं आसतं तरी आता येता येत न्हाई."

तुळजानं बापाकडं पाहिलं. आश्रुबानं मान हलवली. एकदा हलवली आणि मग ती थांबेना.

"तुमी म्हनलात आजोळी गेली."

"खोटं बोलले मी."

"साखराआजी गावाला गेली म्हनलात."

"ती बी मेली," बायना म्हणाली. "माझी आई व्हती ती. ती बी मेली."

तुळजानं मांडीतला एक दगड उचलला आणि बायनाला मारला. तो तिच्या खांद्याला लागला. दुसरा मारला. बायना हलली नाही. तिसरा दगड हातात घेऊन पोर तशीच बसून राहिली, आणि मग तिच्या तोंडातून असा आवाज निघाला की शहादेवनं मान वळवली. आश्रुबानं तिला छातीशी धरलं. ती त्याच्या मानेला घट्ट धरून होती आणि तोही तिला धरून रडत होता. बायको गेल्यापासून त्याला कुणी रडताना पाहिलं नव्हतं.

"चला आता," शहादेव हलक्या आवाजात म्हणाला. "खाली जाऊन रडा. हितं नगं."

उतरताना तुळजानं बापाच्या खांद्यावरून एवढंच विचारलं, "भाकरी कोन करनार?"

"मी करीन."

"तुला येत न्हाई. तू करपवतोस."

"शिकीन की."

चिंधी तुळजानं स्वतः सोडून घेतली होती, मुठीत धरली होती.

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई छपरात आली ती तोंड सुजलेलं घेऊन. "रातभर इचारत व्हती," ती बायनाला म्हणाली. "जाळलं का, दुखलं का, परत का म्हून येत न्हाई. एकेक इचारती आन आपला जीव वर येतो. तूच सांगितलंस, आता तूच ऐक."

"ऐकते, काकू. पाठवा हितं. कितीबी इचारू द्या."

मागून आश्रुबा आला. पोर त्याच्या बोटाला. छबुबाईची चिंधी तिच्या मनगटाला बांधलेली होती. आश्रुबा खुंटीपुढं उभा राहिला आणि पटक्याचं टोक दातानं फाडायला लागला. आसपासच्या बाया तोंडावर पदर घेऊन बघत होत्या. त्या कुडावर आजवर पुरुषाच्या पटक्याची चिंधी लागली नव्हती. एक म्हणाली, "आश्रुबा, आता लुगडंच नेसा." दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं.

त्यानं चिंधी बांधायला हात वर केला तेव्हा तुळजानं त्याचा सदरा ओढला.

"तू येशील का?"

त्याच्या ओठावर 'येनार की' हे उत्तर तयार होतं, बायनाला ते दिसलं. तो थांबला. बायनाकडं पाहिलं, मग पोरीकडं.

"भोंगा झाला की येईन. गठाणी जादा आसल्या तर उशीर व्हईल. लईच उशीर झाला तर आजी येईल, आन ही चिंधी ती सोडंल. तसं सांगून ठिवतो."

"आन मेलास तर?"



"तर बायनामावशी तुला सांगंल," आश्रुबा म्हणाला. "खरं सांगंल."

तुळजानं बायनाकडं पाहिलं. बायनानं मान हलवली.

मग पोरीनं पालथी पाटी ओढली, तिच्यावर चढली, आणि बापानं मारलेली गाठ ओढून बघितली. सैल होती. तिनं ती सोडली आणि पुन्हा आपल्या हातानं बांधली.

भोंगा झाला. बाया निघाल्या, आश्रुबा निघाला. तुळजा पाटीवरून उतरली आणि दाराजवळच्या बारदानावर जाऊन बसली. इतके दिवस त्याला कुणी शिवलं नव्हतं. बद्री तिच्यापाशी गेला.

"तुझी आई आली का?"

"न्हाई. मेली ती. सरक, मावशीला बसू दे हितं."

बायना थोडा वेळ उभी होती. मग ती गेली आणि बारदानाच्या मोकळ्या भागावर बसली.